चालीची सही

तीस वर्षांच्या नोकरीत द्वारका घोलपनं एक आकडा म्हणून सोडला नाही. बांबूच्या टोकानं तारेवर वायर अडकवायची आणि फुकटची वीज ओढायची, त्याला गावाकडे आकडा म्हणतात. बीड जिल्ह्यातल्या तिच्या सतरा गावांत द्वारकेची मोटरसायकल दिसली, की आकडेवाल्यांना घाम फुटायचा. सरपंचाचा आकडा तिनं काढला, देवळाच्या मांडवावरचा काढला, आणि सख्ख्या दिराच्या विहिरीवरचा काढला तेव्हा सासरच्यांनी सहा महिने अबोला धरला. 'वायरमनबाई' हे नाव लोकांनी आधी कुत्सितपणे ठेवलं, मग ते कौतुकानं घ्यायला लागले, आणि शेवटी तिचं खरं नाव कोणाला आठवेना. खांबावर चढणारी तालुक्यातली पहिली बाई होती ती. तिला याचा अभिमान होता, आणि का नसावा?

अशी ही बाई रात्री मात्र विजेची ओशाळी होती.

बाईमाणसानं घोरायचं नसतं, असं आपल्याकडे कधीतरी एकमतानं ठरून गेलेलं आहे. द्वारका घोरायची, आणि भिंतीपलीकडचा माणूस उठून बसावा असं घोरायची. पण नुसत्या घोरण्यावर भागत नव्हतं. झोपेत सगळ्यांच्याच घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचे जरा जास्तच सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते, पाण्याचा मऊ पाईप दुमडावा तशी. छाती हवा ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरायला लागला की मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, एक मोठी घरघर होते आणि वाट पुन्हा उघडते. सकाळी त्या माणसाला यातलं काही आठवत नाही. द्वारकेच्या बाबतीत हे तासाला चाळीस वेळा होत होतं.

आठवत होतं ते तिच्या लेकीला. प्रतीक्षा नऊ वर्षांची असल्यापासून आईशेजारी जागी पडून राहायची. आईचा श्वास थांबला, की मनात एक, दोन, तीन मोजायची आणि वीसपर्यंत आकडे गेले की तिचा खांदा हलवायची. शाळेत पहिल्या तासाला पेंगायची आणि बाईंची बोलणी खायची. हे सगळं तिनं पहिल्यांदा सांगितलं ते डॉक्टरांच्या खोलीत, स्वतः इंजिनियर झाल्यावर. त्या दिवशी द्वारका घरी आली आणि न जेवता ओसरीवर बसून राहिली.

उपाय जुनाच होता. नाकावर मुखवटा लावायचा आणि एका छोट्या पंख्यानं रात्रभर हलका दाब देऊन ती मिटणारी वाट उघडी ठेवायची. डॉक्टरांनी बजावलं, की हृदयाचे ठोके चुकायला लागलेत, आता या यंत्राशिवाय एकही रात्र काढायची नाही. द्वारकेला झोप लागायला लागली, डोकं दुखायचं थांबलं, पण भिंतीतल्या सॉकेटपासून ती चार हातांवर बांधली गेली. आणि निवृत्त झाल्यावर तिला नर्मदा परिक्रमा करायची होती. जन्मभर ती तारेखालून चालली होती. जिथं डोक्यावर तार नाही अशा रानातून एकदा चालायचं, एवढंच तिनं स्वतःसाठी मागून ठेवलं होतं.

"तार न्हाई तिथं मला जाता येत न्हाई," ती लेकीला म्हणाली. "गंमतच हाय की न्हाई?"

प्रतीक्षाला गंमत वाटली नाही. पुढची तीन वर्षं ती त्याच कामाला लागून राहिली.

चालताना गुडघा दोन कामं करतो. तो पाय पुढे फेकतो आणि फेकलेला पाय टेकण्याआधी त्याला ब्रेक लावतो. हा ब्रेक लावण्यात जी ताकद जाते, तिची नुसती उष्णता होते. विजेवरची गाडी उतारावर ब्रेक लावताना बॅटरी भरून घेते, तसं इथंही करावं ही कल्पना काही नवी नव्हती. अडचण वजनाची होती, कारण चुंबकं आणि गिअर लावले की पाय जड व्हायचा. प्रतीक्षाच्या प्रयोगशाळेनं गिअर काढून टाकले आणि ताणून सोडलं की वीज देणारं एक रबरासारखं कापड विणलं. दोन गुडघ्यांना त्याचे दोन पट्टे, कमरेला तळहाताएवढी बॅटरी आणि मुखवट्यातच बसवलेला चिमुकला पंखा, झालं. ब्रेकचं काम पट्टाच करत असल्यामुळे पाय उलट कमी दमायचे. चार तास चाललं की एका रात्रीचा श्वास मिळायचा.

पहिल्या वर्षी शंभर जणांना पट्टे वापरायला दिले, तेव्हा एक भलतीच गोष्ट उघडकीला आली. काही घरांत पट्टे साहेबांच्या नावावर होते आणि चालत होता त्यांचा माळी. एका बाईंनी घरकामाच्या मावशींना रोज संध्याकाळी चार तास गच्चीवर फिरायला लावलं होतं. प्रतीक्षा पेटली. 'माझ्या आईचा श्वास मी यासाठी शोधला नाही,' असं तिनं भर बैठकीत सुनावलं आणि पट्ट्यांना कुलूप घातलं. प्रत्येकाची चाल अंगठ्याच्या ठशासारखी वेगळी असते. गुडघा किती वाकतो, कोणता पाय किती वेळ जमिनीवर राहतो, दोन पावलांत किती अवधी जातो, ही झाली त्या माणसाच्या चालीची सही. सही जुळली तर पट्ट्यावर हिरवा दिवा लागायचा आणि वीज आत जायची. नाही जुळली तर दिवा लाल, आणि मग तो नुसता गुडघ्याला बांधलेला पट्टा. प्रयोगशाळेतल्या मंडळींनी महिनाभर एकमेकांच्या चाली चोरून पाहिल्या. नट आणले, नर्तक आणले. कुलूप काही उघडलं नाही.

द्वारकेची सही तर फारच निराळी होती. २०३१च्या वादळात ती खांबावरून पडली होती आणि डाव्या खुब्यात धातूची पट्टी बसली होती. तेव्हापासून तिचा डावा पाय अर्धा ठोका उशिरा पडायचा.

आता राहिला प्रश्न सोबतीचा. आईला एकटीला सोडायला लेक तयार नव्हती. तेव्हा सांगलीहून फोन आला, "मी आहे ना! मलाही जायचंच आहे." हा आवाज शुभदाबाई ओगल्यांचा होता, म्हणजे प्रतीक्षाच्या सासूबाईंचा. शुभदाबाईंनी मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं कवायत आणि लेझीम शिकवली होती. अजूनही त्या उभ्या राहिल्या की समोरच्याला आपण रांगेत नीट उभे नाही असं वाटायचं.

लेकीच्या लग्नातली ती सकाळ द्वारका विसरली नव्हती. यंत्र तेव्हा अजून आयुष्यात आलं नव्हतं. ती बायकांच्या खोलीत झोपली होती आणि जाग आली तेव्हा बाकीच्या सगळ्या गाद्या व्हरांड्यात गेल्या होत्या. चहाच्या वेळी वरमाय हसत म्हणाली होती, "विहीणबाई, रात्री जनरेटर चालू होता का हो आमच्याकडे?" बायका खो खो हसल्या, द्वारकाही हसली आणि मग रुखवत आवरायच्या निमित्तानं मागच्या खोलीत जाऊन रडली. मुलीच्या आईनं उलट बोलायचं नसतं, हेही आपल्याकडे कधीतरी ठरूनच गेलेलं आहे.

पण परिक्रमेला जायचं, तर हीच सोबत होती. डिसेंबरात दोघी ओंकारेश्वरला पोचल्या, संकल्प केला आणि नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालू लागल्या.

पहिल्याच दिवशी वाजलं. प्रतीक्षानं आईला जादाची एक मोठी बॅटरी दिली होती, तीन रात्रींची बेगमी. शुभदाबाईंनी ती पिशवीतून निघताना पाहिली.

"हे काय? अहो, परिक्रमेत संग्रह करायचा नसतो. उद्याचं पीठसुद्धा आज बांधून घ्यायचं नाही. मैया देईल त्यात भागवायचं."

"हे पीठ न्हाई विहीणबाई, श्वास हाय."

"मग श्वास तरी कोण साठवून ठेवतं?"

शुभदाबाई सहज बोलून गेल्या, पण द्वारकेला ते लागलं. नियम पाळण्यात ही बाई आपल्यापेक्षा वरचढ? ज्या बाईनं सरपंचाला नियम शिकवला, तिला? चौथ्या दिवशी एका पाड्यावर आरोग्यसेविकेची लस ठेवायची पेटी बंद पडलेली दिसली. द्वारकेनं ती जादाची बॅटरी पेटीला जोडून दिली, वायरीची टोकं नीट गुंडाळून दिली आणि विहिणीकडे न बघता पुढे चालायला लागली. एवढ्यावर ती थांबली नाही. रोज सकाळी कमरेच्या बॅटरीत जी काय वीज उरेल ती ज्या घरी मुक्काम झाला त्यांच्या फोनला नाहीतर विजेरीला देऊन टाकायची, असा तिनं नेमच केला. मीटरशिवाय कोणाला एक दिवा लावू न देणारी वायरमनबाई नर्मदाकाठानं वीज वाटत निघाली. आज चालायचं आणि आजच्यापुरता श्वास घ्यायचा. तिला ते आवडायलाही लागलं.

मुक्कामी मुखवटा बघून लोक विचारायचे. मग दोघींची चढाओढ लागायची.

"मपल्या लेकीनं केलाय," द्वारका म्हणायची.

"माझ्या सुनेनं," शुभदाबाई त्याच दमात म्हणायच्या. "कुलूप आहे त्याला. जगात कोणाला उघडत नाही."

ऐकणाऱ्याला वाटावं दोन वेगवेगळ्या मुली आहेत आणि दोन्ही फार हुशार आहेत.

नवव्या दिवशी मात्र बिनसलं. एका आश्रमाच्या अंगणात बायका धान्य निवडत बसल्या होत्या. त्यांना हसवायला शुभदाबाई वेगवेगळ्या लोकांच्या चालण्याच्या नकला करून दाखवत होत्या. कवायतीच्या बाई, त्यांचा डोळा तयार आणि पाय त्याहून तयार. फौजदार झाला, नवी नवरी झाली, आणि मग त्यांनी एक खांदा पाडून डावा पाय ओढत ओढत अंगणाची फेरी मारली. बायका पोट धरून हसल्या. आंघोळ करून आलेली द्वारका दारातच उभी होती.

पुढचे दोन दिवस तिनं विहिणीशी "चला" आणि "थांबा" याखेरीज शब्द काढला नाही. शुभदाबाई मागून चालत राहिल्या. दिवसभर समोर तो अर्धा ठोका उशिरा पडणारा पाय होता. मैयाच्या काठी राग धरून चालत नाही, म्हणून बोलणं हळूहळू सुरू झालं, पण ते वरवरचंच होतं.

एकोणिसाव्या दिवशी त्या शूलपाणीच्या झाडीत होत्या. दोन्हीकडे डोंगर, खाली धरणाचं फुगलेलं पाणी, आणि डोक्यावर तार नाही. द्वारका सारखी वर बघत होती, हसत होती. त्या बघण्यातच तिचा घात झाला. नाला उतरताना दवानं ओला झालेला धोंडा निसटला आणि तिचा उजवा पाय घोट्यात मुरगळला. डावा आधीच अधू, उजवा आता टेकवेना. विहिणीच्या खांद्यावर भार टाकून ती कशीबशी पिंपळबारी नावाच्या सात घरांच्या पाड्यावर पोचली. तिथं रुमालीबाई पावरा परिक्रमावासींना आपल्या कुडाच्या घरात उतरवून घ्यायच्या. त्यांनी घोटा बघितला, पाला वाटून बांधला आणि सांगितलं, "मोडला नाही. पण तीन दिवस टेकायचा नाही."

द्वारकेनं कमरेची बॅटरी बघितली. सकाळची उरलेली वीज नेमाप्रमाणे देऊन टाकलेली होती. त्यानंतर जेमतेम तासभर चालणं झालं होतं. बॅटरीवर आकडा होता, एक तास चाळीस मिनिटं.

"सौर पत्रा दिसतोय छपरावर," ती रुमालीबाईंना म्हणाली.

"आहे. बॅटरी मेली त्याची."

द्वारका बसल्या बसल्या सरकत भिंतीपाशी गेली. बॅटरी फुगून फुटायला आली होती आणि दुपारचे दोन वाजले तरी दरीतलं धुकं हटलं नव्हतं. जन्मभर हेच काम केलेल्या बाईला दुसऱ्यांदा बघायची गरज नव्हती.

"उद्या सकाळी दवाखान्याची बोट येते," रुमालीबाई म्हणाल्या. "बसा तिच्यात. पलीकडे लाईट आहे."

बोटीत बसून पलीकडे जाणं म्हणजे मैया ओलांडणं, आणि परिक्रमा तिथंच खंडित होणार हे दोघींना माहीत होतं. शिवाय बोट येणार उद्या. मधे आजची रात्र होती.

"मी बसून काढीन रात्र," द्वारका म्हणाली. "झोपले न्हाई तर श्वास कशाला थांबतोय?"

"तुम्हाला बसल्या बसल्या डुलकी लागते. कीर्तनात लागते, जेवताना लागते. एकोणीस दिवस बघतेय मी." शुभदाबाईंनी पदर खोचला. "पट्टे काढा ते."

"कशाला?"

"मी चालते."

द्वारकेचा चेहरा लालबुंद झाला. "न्हाई! दुसऱ्याच्या पायावर आकडा टाकून मला श्वास नको. जन्मात टाकू दिला न्हाई कुणाला, आता सोता टाकू व्हय? आन् ते कुलूप कशासाठी घातलंय, इसरलात? मपल्या लेकीनं घातलंय."

"माझ्या सुनेनं घातलंय! आणि दमदाटीनं दुसऱ्याला चालवणाऱ्यांसाठी घातलंय. आकडा चोरून टाकतात विहीणबाई. मी तुमच्यासमोर, दिवसाढवळ्या, माझ्या पायानं वीज देतेय. तुमच्या खात्यात याला काय म्हणतात ते म्हणा. पट्टे काढा."

बत्तीस वर्षं हजारो मुलींनी ज्या आवाजाला ऐकलं होतं तो आवाज होता. द्वारकेनं पट्टे काढले.

अंगणात मोहाचं मोठं झाड होतं. परिक्रमेत निघाल्यावर मागं फिरायचं नाही हा शुभदाबाईंचा कडक नेम, म्हणून त्यांनी झाडाभोवती गोल चालायचं ठरवलं. द्वारकेला झाडाच्या बुंध्याशी टेकवून बसवलं आणि त्या चालायला लागल्या, ताठ, एक-दोन, एक-दोन. दिवा लाल. त्यांनी ओठ चावला, इकडेतिकडे पाहिलं आणि अंगणात केली होती तीच नक्कल सुरू केली. खांदा पाडला, पाय ओढला. द्वारकेनं मान फिरवली. दिवा तरीही लाल.

"होत नाही," शुभदाबाई थांबल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

"व्हनार कसं? तुम्ही लंगडताय."

"मग तुम्ही काय करता?"

"मी लंगडत न्हाई." द्वारका झाडाला टेकून नीट बसली. बोलावं की नको याचा तिनं क्षणभर विचार केला असावा. "खांबावर चढताना एक पाय घट्ट बसल्याबिगर दुसरा हलवायचा न्हाई, ही पहिली शिकवण. पडले त्या दिवशी मी घाई केली व्हती. सगळं गाव अंधारात, पोरगी घरी एकटी, म्हणून घाई. तवापासून डावा पाय टेकायच्या आधी मी जमिनीला इचारते, धरशील का बाई मला? तेवढाच येळ जातो. वढत न्हाई मी पाय. इचारून टेकते."

शुभदाबाई खाली बसल्या. बराच वेळ त्या पट्ट्याच्या बक्कलाशी चाळा करत राहिल्या.

"हे मला ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी आश्रमात मी फार वाईट वागले. आणि लग्नात त्याहून वाईट. तुम्ही रुखवताच्या खोलीत रडत होतात ते मी दारातून पाहिलं होतं, आणि आत आले नाही. वरमाय होते ना मी, मान कमी झाला असता माझा."

द्वारकेचे डोळे भरून आले. पाच वर्षांचं ते ओझं असं मोहाच्या झाडाखाली उतरेल, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिनं नाक ओढलं आणि परिक्रमेची काठी उचलली.

"उठा आता. उजेड जाईल. मी ठोका देते, त्यावर चाला."

शेजारच्या चपट्या दगडावर तिनं काठी आपटली. ठक. मग जरा थांबून, ठक. लेझमीच्या बाईंना ठोका नवा नव्हता. त्यांनी डोळे बारीक केले, दोन फेऱ्या नुसत्या ऐकत चालल्या, मग मनातल्या मनात मोजायला लागल्या. द्वारका मधे मधे सांगत होती. खांदा पाडू नका. गुडघा पुरता सरळ करू नका. टाच आधी. घाई न्हाई, इचारा, इचारा. तिसऱ्या फेरीला दिवा एकदा हिरवा झाला आणि विझला. पाचव्या फेरीला पुन्हा झाला. शुभदाबाई आता खाली बघत नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर नकलेचा मागमूस नव्हता. प्रत्येक डाव्या पावलाला त्या खरंच जमिनीला विचारत होत्या. सातव्या फेरीला दिवा हिरवा झाला, आणि हिरवाच राहिला.

"लागला!" द्वारका लहान मुलीसारखी ओरडली.

"थांबू नका. ठोका!" वरमायेनं हुकूम सोडला.

तीन तास वीस मिनिटं त्या चालल्या. रुमालीबाई भाकरी भाजून बाहेर आल्या, तरी चालणं चालूच होतं.

"ही कोण तुमची?" त्यांनी द्वारकेला विचारलं.

"मपल्या लेकीची सासू."

"सासू?" रुमालीबाईंनी कमरेवर हात ठेवले. "नवऱ्या मुलाची आई? आणि ती तुम्हाला फेऱ्या घालते?"

तेव्हा कुठं द्वारकेच्या ध्यानात आलं. लग्नात तिनं ज्या बाईचे पाय धुतले, जिच्या मानाच्या साडीचा रंग तीन वेळा बदलून आणला, ती बाई घामानं निथळत तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होती, आणि तीसुद्धा तिचीच चाल चालत. ठोका चुकू नये म्हणून तिनं काठी आणखी घट्ट धरली. तिची छाती अभिमानानं भरून आली होती आणि तो अभिमान लेकीचा होता, विहिणीचा होता की स्वतःच्या त्या अधू पायाचा होता, हे तिला काही केल्या वेगळं करता येईना.

सकाळी तिला जाग आली तेव्हा डोकं हलकं होतं. मुखवट्यातला पंखा अजून फिरत होता. शेजारी शुभदाबाई पाय चोळत बसल्या होत्या, त्यांना उठता येत नव्हतं.

"उरली का काही?" त्यांनी विचारलं.

"बावीस मिनिटं."

"मग द्या की कोणाला तरी. तुमचा नेम आहे ना?"

"ती मपली न्हाई. वाटायचा हक्क तुमचा."

शुभदाबाईंनी बॅटरी हातात घेऊन बघितली, जरा संकोचल्या आणि रुमालीबाईंची विजेरी मागून घेतली. खाली घाटावर बोटीचा भोंगा वाजला. रुमालीबाई उतरून गेल्या आणि नावाड्याला सांगून आल्या, की आज कोणी यायचं नाही. त्यानंतर दोन दिवस तेच झाड, तीच काठी आणि तोच ठोका. चौथ्या दिवशी द्वारकेनं पाय टेकला, मुक्काम हलला आणि पट्टे पुन्हा तिच्या गुडघ्यांवर आले.

झाडीतून बाहेर पडून टेकाडावर आल्यावर फोन जागा झाला आणि लगेच वाजला. पट्ट्यांची सगळी नोंद एका दमात प्रतीक्षाकडे पोचली होती.

"आई! ठीक आहेस ना? एकोणिसाव्या दिवशी दुपारपासून तू रोज चार-चार तास एकाच जागी गोल का फिरतेस? पडलीबिडलीस का?"

"पडले व्हते. पाय मुरगळला. पण ते मी न्हाई चालले. तुझी सासू चालली."

"शक्य नाही आई. सही तुझीच आहे. साडेअठ्ठ्याण्णव टक्के जुळलीय. मी नट आणून पाहिले होते, नर्तक आणून पाहिले होते…"

"त्यांनी मला इचारलं व्हतं का, मी कशी चालते ते?"

पलीकडून प्रतीक्षाच्या हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. शुभदाबाईंनी फोन ओढून घेतला.

"रडतेस काय? कुलुपात भोक सापडलं म्हणून वाईट वाटलं? बुजव हवं तर."

"नाही आई," सून म्हणाली. "असं भोक असेल तर असू दे. ज्याला दुसऱ्याची चाल इतकी शिकावीशी वाटते, त्याला कुलूप उघडलंच पाहिजे."

"ऐकलंत?" शुभदाबाई फोन बाजूला धरून विहिणीला म्हणाल्या. "माझी सून."

"मपली लेक," द्वारका म्हणाली.

फोन पिशवीत गेला आणि दोघी टेकाड उतरायला लागल्या. धुकं फाटलं होतं, खाली पाणी चमकत होतं. रस्त्यात एक गुराखी भेटला, "नर्मदे हर!" म्हणाला आणि द्वारकेच्या गुडघ्यांकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारू लागला. दोघी एकदम बोलल्या, "आमच्या पोरीनं केलंय."

आज शुभदाबाई पुढे होत्या. द्वारका मागून चालत होती आणि चालता चालता तिचं लक्ष सहज समोरच्या पायांकडे गेलं. शुभदाबाई ताठ होत्या, खांदे सरळ होते, पण डावा पाय टेकण्याआधी त्या अर्धा ठोका थांबत होत्या. गुडघ्याला पट्टा नव्हता, काठीचा ठोका नव्हता, कोणी बघत नव्हतं.

"विहीणबाई," द्वारकेनं हाक मारली, "पाय दुखतोय का?"

"छे हो! का?"

"काही न्हाई," द्वारका म्हणाली. "चला."

आणि तिनं आपलं पाऊल त्या पावलात मिळवलं.